आत्याने मुद्दाम शिवलेला झगा

२ फेब्रुवारी, सोमवार

ही वही आमच्या छापखान्याची शेवटची कमाई. शुक्रवारी छापखाना बंद झाला. मालकांनी यंत्र विकलं, आम्हा चौघांना चहा पाजला आणि उरलेल्या कोऱ्या वह्या वाटल्या. यंत्र उचलून नेलं तिथे फरशीवर तेलाचा चौकोन राहिला होता, त्याच्याभोवती उभं राहून आम्ही चहा प्यायलो.

नऊ वर्षं मी भेटवस्तूंवर गुंडाळायचे कागद काढले. फुगे, फुलं, छत्र्या, एकदा तर नुसती बटणं. लोकांनी माझं काम इतक्या आनंदाने फाडलं की तेवढं भाग्य दुसऱ्या कुठल्या चित्रकाराला लाभलं नसेल.

शनिवारी भावजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा फोन. त्यांचं फरशांचं दुकान आहे, काउंटरवर माणूस हवंय. "अगं, फरशीवरही डिझाइनच असतं की! तू फक्त दाखवायचंस." मागून ताई ओरडली, "वरची खोली रिकामीच आहे, सामान घेऊनच ये!" भावजी वाईट असते तर नाही म्हणणं सोपं होतं. ते चांगले आहेत, हीच पंचाईत. २८ तारखेपर्यंत थांबतो म्हणाले, नंतर दुसरं माणूस ठेवणार.

तेव्हा ठरलं. या महिन्यात छपाईच्या डिझाइनचं काम मिळालं तर मिळालं, नाहीतर फरशा. एकदा काउंटरवर बसले की मी पुन्हा पेन्सिल हातात धरणार नाही, मला माझा आळस माहीत आहे. याचीच भीती वाटते. हे इथेच लिहिते. आत्यासमोर मी शूर आहे.

आत्या म्हणजे बाबांची बहीण. नोकरी लागली तेव्हा चार दिवसांसाठी तिच्याकडे आले, त्याला नऊ वर्षं झाली. तिने चाळीस वर्षं गावभरचे कपडे शिवले. दोन वर्षांपूर्वी एकाएकी बंद केलं. कारण विचारलं तर म्हणते, "लोकांची मापं वाढली आणि माझा धीर कमी झाला."

५ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली मुलाखत. काचेचं ऑफिस, काचेचं टेबल, समोर माझ्याहून दहा वर्षांनी लहान साहेब. त्याने माझी फाइल एका बोटाने उलटली, जणू आत झुरळ निघेल.

"हे हलतं का?" त्याने विचारलं.

"काय?"

"डिझाइन. आमच्याकडे सगळं स्क्रीनवर हलतं. प्रिंट आता कोण करतं?"

मी म्हटलं, कागद जोरात हलवला तर हलतं. तो हसला नाही. मीच हसले, आणि मुलाखत संपली.

घरी आले तर आत्याने पुढ्यात बारा सुया टाकल्या. "पेन्सिल, एवढ्या ओवून ठेव." (मी बारीक, आणि कानामागे कायम पेन्सिल, म्हणून हे नाव.) मी म्हटलं, शिवणकाम तर बंद केलंस ना? तर म्हणे, "बटण तुटलं तर? आणि बेकार माणसाने हाताला चाळा ठेवावा." बेकार शब्द झोंबला. पण ओवल्या.

९ फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस उंदराचा.

खोकी छापणारी कंपनी. चाचणी म्हणून उंदीर मारायच्या औषधाच्या खोक्यावर चित्र काढायला दिलं. मी मन लावून काढला. गोल कान, पुढे दोन पाय जोडलेले, मिशांवर थोडा उजेड. तिथल्या मॅनेजरबाईंनी चित्र बराच वेळ बघितलं. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

"फारच गोड आहे हो," त्या म्हणाल्या.

"थँक्यू."

"अहो, याला मारायचंय. हा खोका बघून लोक औषध परत ठेवतील आणि उंदीर पाळतील."

नोकरी गेली, उंदीर घरी आला. आत्याला दाखवला. तिने कागद खिडकीशी नेला, नाकाला लावला, पुन्हा लांब धरला आणि म्हणाली, "मांजर छान काढलंयस."

एवढा टोमणा मारायची गरज नव्हती.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज मात्र खरं काहीतरी. कापड छापायचा कारखाना आहे, त्यांना डिझायनर हवाय! आत शिरलं की लांबच लांब टेबलं, त्यांवर ताणलेलं पांढरं कापड, आणि दोन बाजूंनी दोन माणसं जाळीची चौकट उचलतात, ठेवतात, रंग ओढतात, पुन्हा उचलतात. कुणी बोलत नाही. बघताना माझे हात शिवशिवायला लागले.

मालकीणबाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. साठीच्या, केस घट्ट बांधलेले, गळ्यात मोजायची टेप. त्यांनी फाइल पूर्ण बघितली. प्रत्येक पान. छापखाना बंद झाल्यापासून हे कुणी केलं नव्हतं, मला रडूच येणार होतं.

"कागद चांगला जमतो तुम्हाला," बाई म्हणाल्या. "कापड कधी केलंय?"

"नाही. पण शिकेन."

"तुमच्यासकट तिघंजण आहेत. एक नमुना काढून आणा, पाच मीटर छापून बघू. निकाल २६ तारखेला."

२६! म्हणजे भावजींच्या मुदतीआधी दोन दिवस. देवा, एवढं जमव.

१६ फेब्रुवारी, सोमवार

चार दिवस पक्षी काढतेय. फांद्यांवर छोटे पक्षी, प्रत्येकाचा चेहरा निराळा. एक रागावलेला, एक पेंगुळलेला, एक भावजींसारखा. सगळे छान ताठ, ओळीत बसलेले. आज पूर्ण झालं आणि मी खोलीत एकटीने टाळ्या वाजवल्या.

आत्याला दाखवलं. तिने हात पुसून कागदावरून तळवा फिरवला. म्हणाली, "कागद छान आहे."

कागद! चार दिवसांच्या मेहनतीवर हे! मला वाटतं मी जाऊ नये म्हणून ती असं करते. किंवा जावं म्हणून. तिच्या मनाचा थांग लागणं कठीण.

१८ फेब्रुवारी, बुधवार

कारखान्यात रंग ठरवायला गेले. रंग घोटणाऱ्या काकांना सगळे रंगारी म्हणतात. कोपरापर्यंत निळे हात, आणि चेहरा असा की जन्मात कुणाला चांगलं म्हटलेलं नसावं.

मी म्हटलं, पानांना कोवळा हिरवा हवा.

"कोवळा म्हणजे किती? वाटीने सांगा."

"म्हणजे... नुकतं उगवलेलं पान असतं ना, तसा."

"पान इथे नाही. वाटी आहे."

तीन वाट्या केल्या त्यांनी. एक पालकासारखा, एक बाटलीसारखा, एक शाळेच्या फळ्यासारखा. मी तिन्हींना नाही म्हटलं. शेवटी त्यांनी हात टेकले आणि पालक ठेवला. निघताना मागून म्हणाले, "पक्षी बरे आहेत." वळून बघितलं तर ते वाटी धूत होते, त्यामुळे मला भास झाला असेल.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पाच मीटर छापून झालं. माझे पक्षी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! मी त्यांच्या शेजारून चालत गेले आणि परत आले.

बाई आल्या. बघितलं. "वर कुठली बाजू?"

मी कौतुकाने दाखवलं. "ही. सगळ्यांची डोकी इकडे."

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या. "कागदाला वरची बाजू असते. कापडाला नसते. शिंपी तुकडे फिरवतो, उलटसुलट बसवतो, तेव्हा कुठे कापड पुरतं. तुमच्या पक्ष्यांची डोकी सांभाळायची तर दीड पट कापड लागेल, आणि उरलेल्या चिंध्या. हे कोण घेणार? तुम्ही कापडावर कागद काढलायत."

त्या रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. अगदी शांतपणे, पत्ता सांगावा तसं बोलल्या. मला तर तोंडात मारल्यासारखं झालं. नऊ वर्षं मी वरची बाजू वर धरून काढतेय. कापड फिरवतात हे मला सुचलंसुद्धा नाही, आणि मी राहते शिवणाऱ्या बाईच्या घरात.

कापड घरी घेऊन जा म्हणाल्या. २६ला या, सगळ्यांना बोलावलंय. कशाला जायचं? आत्याच्या मांडीवर कापड टाकलं आणि म्हटलं, "घे, लादी पुसायला." तिने विचारलं, "का, काय झालं?" कापडाला वर-खाली नसतं असं बाई म्हणाल्या, एवढंच मी रडतरडत सांगू शकले. तिने कापड चुरगळून बघितलं, सूत ताणून बघितलं. "लादी पुसायला? वेडी का तू. झगा होईल याचा."

२१ फेब्रुवारी, शनिवार

भावजींना फोन केला. येते म्हटलं. ते इतके खूश झाले की मला आणखी वाईट वाटलं. बॅग काढली. रंग बॅगेत ठेवले, काढले, ठेवले. शेवटी तळाशी ठेवले, म्हणजे सहज हाती लागणार नाहीत.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस आत्याच्या खोलीचं दार बंद. आतून मशीनचा आवाज. दोन वर्षांनी ऐकला. मी डोकावले तर ओरडली, "झाल्याशिवाय बघायचं नाही!" मधूनच हाक, "दोरा ओवून दे," आणि दाराच्या फटीतून सुई बाहेर.

दुपारी ती झगा घालून बाहेर आली आणि मी किंचाळले.

पुढच्या डाव्या भागावर पक्षी सरळ. उजव्या भागावर सगळे डोकं खाली, पाय वर. पाठीवर आडवे. खिशावर एकटाच, तोंडघशी पडलेला. आणि उजवी बाही तर उलट्या बाजूने लावलेली, छपाईची मागची बाजू बाहेर, सगळं फिकट.

"आत्या! पक्षी उलटे लावलेस!"

ती थांबली. छातीवरून हळूच हात फिरवला, मग उजवीकडून, मग बाहीवरून.

"मुद्दाम," ती म्हणाली.

"मुद्दाम?"

"मग? कापडाला वर-खाली नसतं, असं तुझ्या बाईच म्हणाल्या ना? दाखवलं तुला करून. चाळीस वर्षं शिवलंय मी, चूक होईल का माझी?"

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात ती स्वयंपाकघराकडे चालायला लागली, आणि मी बघतच राहिले. कारण चालताना ते पक्षी हलत होते. डोकं खाली असलेले सूर मारत होते, आडवे गिरक्या घेत होते. माझ्या कागदावर ते तिकिटाच्या रांगेत उभे असल्यासारखे होते. आत्याच्या अंगावर ते उडाले होते. आणि ती फिकट बाही! तोच, तोच कोवळा हिरवा!

काय बाई आहे ही. दोन दिवस मेहनत करून मला धडा दिला, आणि वर एक शब्द नाही. मी तिला मिठी मारली. तिचे हात गार होते. बॅगेच्या तळातून रंग काढले. दोन दिवस आहेत.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

झगा आणि नवा कागद घेऊन गेले. नव्या नमुन्यात पक्षी चारी दिशांना आहेत, कागद कसाही फिरवा, कुणीतरी सरळ असतंच. भावजींसारखा दिसणारा तेवढा उलटा ठेवलाय.

बाईंनी कागद चार वेळा फिरवला. मग झगा टेबलावर पसरला. शिवणीवरून बोट नेलं. "हात पक्का आहे. कुणी शिवलं?"

"माझ्या आत्याने. पक्षी तिने मुद्दाम उलटे लावले, मला समजावं म्हणून."

"आणि ही बाही?"

"तीसुद्धा मुद्दाम," मी ठोकून दिलं.

रंगारी पुढे आले, बाही उजेडात धरली आणि म्हणाले, "हा होय कोवळा! मग उलट्या बाजूसारखा म्हणायचं ना. पाणी वाढवलं की झालं." त्यांच्या तोंडावर जे आलं ते हसूच असावं.

बाई अजून बाहीकडे बघत होत्या. "वय काय आत्यांचं?"

"एकाहत्तर."

"घरी दोघीच असता?"

"हो."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि झगा अगदी जपून घडी घालून माझ्या हातात दिला. "सोमवारपासून या. आणि आत्यांकडे लक्ष द्या."

मिळाली! मिळाली! नोकरी मिळाली! बाई जाताजाता आत्याचं वय कशाला विचारत होत्या, कोण जाणे. बहुतेक तिलाही कामावर घ्यायचा विचार असेल.

भावजींना फोन केला. म्हणाले, "जाऊ दे, तसंही तू गिऱ्हाइकाला फरशी उलटी लावायला सांगितली असतीस." चांगला माणूस आहे.

आत्याला सांगितलं तेव्हा ती मटकन खुर्चीवर बसली. "पक्की ना? लेखी दिलं ना?" तीनदा विचारलं.

११ मार्च, बुधवार

आज लिहायला जड जातंय.

माझा कारखान्यातला पहिला पूर्ण नमुना छापून आला. पिवळी, ठसठशीत नासपती, चहूकडे लोळलेली. एक मीटर घरी आणलं. आत्याने नेहमीसारखे हात पुसले, कापड मांडीवर घेतलं, तळवा फिरवला.

"वा! पक्षी आधीपेक्षा छान झालेत."

मी हसले. मग हसू थांबलं.

नासपती मुठीएवढी होती. टोमणा मारताना माणूस तिरकं बघतं, ओठ दाबतं. आत्या अगदी मनापासून हसत होती, माझ्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला बघून.

आत येऊन ही वही मागे उलटली. बारा सुया. मांजर. कागद छान आहे. दाराच्या फटीतून आलेली सुई. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. मी स्वतःला डिझायनर म्हणवते, बघणं हा माझा धंदा, आणि मी फक्त स्वतःकडे बघत होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बाहेर येऊन विचारलं, "आत्या, तुला किती दिसतं?"

"धुकं आहे थोडं."

"किती दिवसांपासून?"

"झाली की दोनेक वर्षं. मोतीबिंदू आहे म्हणाले डॉक्टर, ऑपरेशन केलं की झालं."

"मग केलं का नाहीस? मला सांगितलं का नाहीस?"

"आधी भीती वाटली. जरा धीर केला, तर तुझा छापखाना बंद झाला." ती कापडाची घडी घालायला लागली. "तेव्हा बोलले असते तर दुसऱ्या दिवशी फरशा विकायला गेली असतीस. ऑपरेशनच्या पैशांचं निमित्त करून. मला ओळखता येतं तुला, त्याला डोळे लागत नाहीत."

मी रडले. तिने रडू दिलं. मग मी नाक पुसत विचारलं, "आणि झगा?"

"झगा मुद्दाम," आत्या म्हणाली. "किती वेळा सांगायचं?"

२ एप्रिल, गुरुवार

मंगळवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, काल पट्टी निघाली. आज सकाळी ऊन खोलीत आलं आणि आत्या घरभर तपासणी करत फिरली. छताला जाळी. गॅसच्या मागे डाग. "पेन्सिल, तुला पांढरे केस कधी आले?" मी म्हटलं, गेल्या वर्षी. ती जवळ येऊन एकेक बघत राहिली, आणि मी मुकाट्याने उभी राहिले.

मग फाइल मागितली. खिडकीशी बसून दोन वर्षांचे सगळे कागद बघितले, एकेक. उंदराशी थांबली आणि इतकी हसली की डॉक्टरांनी हसायला मनाई केली होती का, हे मी आठवायला लागले. "गोड आहे गं. बरोबर होतं त्यांचं, याला कोण मारणार!"

फाइल ठेवायला उठली आणि तिची नजर खुंटीवर गेली.

"अगं बाई! हा झगा कुठल्या गाढवाने बेतला?"

ती जवळ गेली. डावी बाजू बघितली, उजवी बघितली. पाठ फिरवून बघितली. खिशावरच्या तोंडघशी पडलेल्या पक्ष्याला बोट लावलं. मग तिचे कान लाल झाले.

"मला ते ठिपक्यांचं कापड वाटलं होतं," ती अगदी हळू म्हणाली, आणि कात्री शोधायला लागली. "उसवते. आत्ताच्या आत्ता उसवते. चाळीस वर्षांचं नाव आहे माझं."

मी झगा ओढून घेतला. सांगितलं की या झग्यावरून काढलेला नमुना आज टेबलावर चढलाय, सहाशे मीटरचा. रंगारीकाका त्या हिरव्याला 'आत्याचा हिरवा' म्हणतात, वाटीवर लिहूनसुद्धा ठेवलंय. आणि बाईंना मी छातीठोकपणे सांगून बसलेय की सगळं मुद्दाम होतं.

आत्या विचार करत उभी राहिली. कात्री खाली ठेवली. झगा माझ्या हातातून घेतला, अंगात घातला आणि आरशासमोर गेली. एकदा सरळ, एकदा वळून, मग हात पसरून. पक्षी उडाले. तिने ते पहिल्यांदा बघितले.

"दिसतोय मात्र झकास," ती म्हणाली. "मुद्दामच केलेला वाटतो."

"आणि ही उलटी बाही?" मी विचारलं. "बाईंनी विचारलं तर काय सांगू?"

आत्याने बाही उन्हात धरली, नव्या डोळ्याने नीट निरखली, आणि माझ्याकडे बघितलं. बाजूला नाही, थेट माझ्याकडे.

"सांग, उजवा हात जास्त उन्हात असतो. विटणारच, म्हणून आधीच विटकी लावली."